शोकप्रस्तावाचे वाङ्मय

पुसदच्या माणसाला विधिमंडळ कधी फार दूरचे वाटले नाही. वसंतराव नाईक ह्याच तालुक्यातल्या गहुलीचे. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे १९९१ मध्ये सुधाकरराव नाईक त्याच खुर्चीवर बसले. त्यामुळे येथल्या चहाच्या टपरीवरदेखील अधिवेशन, तारांकित प्रश्न, लक्षवेधी हे शब्द सहजपणे बोलले जातात. पण विधिमंडळाकडे जाणारी पुसदची दुसरीही एक वाट आहे. हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरले की एस.टी.त भाकरी बांधून बसणाऱ्या माणसांची ती वाट. ही माणसे सभागृहात जात नाहीत. सभागृहाच्या अलीकडे, पोलिसांचे कडे जेथे लागते तेथपर्यंत ती जातात आणि रात्रीच्या गाडीने परत येतात. ह्या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांपैकी कोणी मेला तर सभागृह त्याच्याविषयी काय बोलते, हा ह्या लेखाचा विषय आहे.

सभागृहाचे बोलणे हेही वाङ्मयच आहे. ते छापले जाते, जपले जाते, पुढच्या पिढ्यांसाठी पुरावा म्हणून उरते. दलित साहित्याने कादंबरी, कविता, आत्मकथन ह्यांतील प्रस्थापितांची भाषा उलगडून दाखविली. सरकारी भाषेकडे मात्र आपल्या समीक्षेने फारसे वळून पाहिले नाही. ती रूक्ष आहे, तिच्यात काय वाचायचे, असे वाटत आले असावे. वस्तुतः जात, सत्ता आणि मरण ह्यांचे नाते जितके उघडपणे सरकारी भाषेत सापडते तितके ते ललित वाङ्मयात सापडत नाही. ललित लेखक लपवाछपवी करतो. सरकारी लेखनिकाला तशी गरजही वाटत नाही.

शोकप्रस्ताव हा ह्या वाङ्मयातील एक ठरलेला प्रकार. माजी सदस्य निवर्तले की अधिवेशनाच्या आरंभी प्रस्ताव येतो. त्यात त्यांचे नाव असते, जन्मगाव असते, शिक्षण असते, कोणत्या संस्था काढल्या, कोणत्या खात्याचा कारभार पाहिला हे असते. म्हणजे ते एक लहानसे चरित्रच असते. मग सदस्य उभे राहतात, दोन मिनिटे स्तब्धता पाळतात. ह्याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण एखाद्या यात्रेत, एखाद्या मोर्चात, एखाद्या इमारतीखाली शेकडो माणसे मेली आणि त्यांच्याविषयी सभागृहाला बोलावे लागले, की हाच प्रकार आपले रूप बदलतो. चरित्र गळून पडते आणि आकडा येतो. इतके मृत, इतके जखमी, त्यात स्त्रिया इतक्या, मुले इतकी. आकड्याला जन्मगाव नसते. ज्याचे नाव सभागृहाला जिवंतपणी ठाऊक नव्हते त्याचे नाव मेल्यावरही ठाऊक करून घेण्याचे कारण पडत नाही.

आता ह्या प्रस्तावांतले आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या निवेदनांतले शब्द पाहा. 'दुर्दैवी घटना' हा पहिला. म्हणजे दैव आले. ज्या दैवाने आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले, तेच येथेही कारभार पाहते आहे. 'मृत्युमुखी पडले' हा दुसरा. तोंड मृत्यूचे, आणि पडणारा आपणहून पडणारा; ढकलणारा ह्या वाक्यात कोठेच बसत नाही. 'सानुग्रह अनुदान' हा तिसरा. अनुग्रह गुरू करतो, देव करतो. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला मिळणारी रक्कम ही त्याचा हक्क नाही, ती कृपा आहे, हे त्या एका उपसर्गासह आलेल्या शब्दाने सांगून टाकले आहे. कार्यालयातल्या बाबूने तो शब्द विचारपूर्वक निवडला असेल असे मी म्हणत नाही. न निवडता तो आला, हेच अधिक बोलके आहे.

पण सर्वांत कपटी शब्द आहे 'चेंगराचेंगरी'. मराठीत अशा घडणीचे शब्द पुष्कळ आहेत. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढ, शिवीगाळ नव्हे पण शिव्याशिवी. ह्या घडणीचा अर्थ परस्परांचा आहे. दोघांनी एकमेकांना मारले तर मारामारी. एकाने दुसऱ्याला मारले तर तिला मारामारी म्हणत नाहीत, मार म्हणतात. तेव्हा 'चेंगराचेंगरीत मेले' असे म्हटले की व्याकरणच निवाडा देऊन मोकळे होते. ह्या लोकांनी एकमेकांना चेंगरले. मारणारे तेच आणि मरणारेही तेच. अरुंद पायऱ्या कोणी तशाच ठेवल्या, कडे कोणी लावले, काठी कोणी उगारली, दार कोणी उघडले नाही, हे प्रश्न त्या शब्दापाशी येऊन थांबतात. आयोग नेमण्यापूर्वीच शब्दाने अहवाल दिलेला असतो.

मांढरदेवीचे उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात मांढरगडावर काळूबाईचे ठाणे आहे. पौष पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ रोजी ह्या यात्रेत जवळजवळ तीनशे माणसे मेली. देवळाकडे जाणारी वाट अरुंद आणि चढणीची, पायऱ्या फोडलेल्या नारळांच्या पाण्याने आणि तेलाने निसरड्या झालेल्या, वाटेच्या दोन्ही अंगांना दुकाने दाटलेली. माणसे घसरली, पडली, त्यांच्यावर माणसे पडली. मग दुकानांना आगी लागल्या, गॅसचे सिलिंडर फुटले. मेलेल्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या.

सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा एकसदस्यीय चौकशी आयोग नेमला. गडावर नारळ फोडणे, तेल वाहणे, पशुबळी देणे ह्यांवर बंधने आली. हे आवश्यकच होते, ह्याविषयी वाद नाही. पण ह्या सगळ्या व्यवहारात मेलेल्या माणसाची ओळख 'भाविक' ह्या एका शब्दात संपली. हे भाविक कोण होते? काळूबाई ही काही शंकराचार्यांच्या पीठाची देवता नव्हे. तिच्या गडावर जाणारा माणूस कष्टकरी, बहुजन, भटका, दलित. जिला घरात कोणी विचारीत नाही, जिच्या अंगात येते तेव्हाच जिचे ऐकले जाते, अशी बाई. जिच्या पोराला ताप आला तर दवाखाना वीस मैलांवर आणि देवऋषी शेजारी, अशी आई. टेम्पोत कोंबून, ट्रकच्या हौद्यात बसून ही माणसे गडावर येतात. प्रतिष्ठितांच्या देवस्थानांना रांगा लावण्यासाठी लोखंडी कठडे असतात, विसाव्याला मंडप असतात, पासाची सोय असते. काळूबाईच्या वाटेला नारळाचे पाणी होते. देवांतही वर्ण आहेत आणि त्यांच्या भक्तांच्या सुरक्षिततेतही.

येथे आपल्या चळवळीला एक अडचणीचा प्रश्न विचारावयास हवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण धम्म स्वीकारला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे रिकामे केले. त्यामुळे मांढरगडासारख्या ठिकाणी कोणी मेले की आपल्यातल्या शिकलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया पुष्कळदा अशी होते: गेलेच कशाला तेथे? पांढरपेशा वृत्तपत्रवालाही हेच विचारतो. अंधश्रद्धेचे बळी, असे तो म्हणतो आणि पान उलटतो. दोघांचे वाक्य एकच असले तरी दोघांना ते सारखेच शोभते असे नाही. पांढरपेशाचा देव सुरक्षित आहे, त्याच्या देवळाला कठडा आहे. तो गडावरच्या बाईला अडाणी म्हणतो ते आपला देव झाकून ठेवून. आपण मात्र ज्या घरातून बाहेर पडलो त्याच घराच्या शेजारी ती बाई अजून राहते. तिच्या श्रद्धेशी आपला झगडा आहे आणि राहील. पण तिच्या मरणाचा हिशेब तिच्या श्रद्धेच्या खात्यावर टाकणे म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात प्रेताला उभे करणे होय. निसरडी पायरी श्रद्धा पाहून घसरवीत नाही. ह्या तीनशे मरणांवर दलित साहित्यात फारसे लिहिले गेले नाही, ह्याचे कारण मला आपल्या ह्या घाईच्या बुद्धिवादात दिसते.

आपल्या चळवळीने १९७२ मध्ये पँथर हे नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याकडे पाहून. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे साहित्य मराठी वाचकापर्यंत आणले. तेव्हा देवळातल्या मरणाचे स्मरण तेथल्या कायदेमंडळाने कसे केले हे पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात सोळाव्या रस्त्यावर काळ्या लोकांचे बॅप्टिस्ट चर्च आहे. १५ सप्टेंबर १९६३ ह्या रविवारी सकाळी तेथे बाँबस्फोट झाला. ॲडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली ह्या चौदा वर्षांच्या तिघी आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर अशा चार मुली तळघरात प्रार्थनेची तयारी करीत असताना मेल्या. बाँब ठेवणारे कू क्लक्स क्लॅनचे लोक होते. पहिल्याला शिक्षा झाली १९७७ मध्ये, दुसऱ्याला २००१ मध्ये, तिसऱ्याला २००२ मध्ये. चौथा १९९४ मध्ये खटला न होताच मेला. पन्नास वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, २०१३ मध्ये, अमेरिकन संसदेने ह्या चार मुलींना मरणोत्तर सुवर्णपदक देणारा कायदा केला आणि २४ मे २०१३ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी त्यावर सही केली. ते पदक बर्मिंगहॅमच्या नागरी हक्क संस्थेकडे ठेवण्यासाठी देण्यात आले.

ह्या कायद्याची एक गोष्ट पहिल्यांदाच कबूल केली पाहिजे. त्यात आकडा नाही, नावे आहेत. चारही नावे. आणि मारणारे कोणत्या संघटनेचे, हेही त्यात आहे. आपल्याकडच्या 'दुर्दैवी घटने'शी तुलना करता हे अंतर लहान नाही.

पण समीक्षकाने येथे थांबू नये. कायद्याची प्रस्तावना म्हणते की ह्या मुलींच्या मरणाने चळवळीला जोर चढला आणि त्यातून १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा येण्यास मदत झाली. वरवर पाहता हा गौरव आहे. प्रत्यक्षात संसद मुलींच्या मरणातून स्वतःच्याच कायद्यांकडे वाट काढते आहे. मरण झाले ते वाईट झाले, पण वाया गेले नाही, असा तो सूर आहे. क्रम मात्र उलटा आहे. बर्मिंगहॅमची चळवळ बाँबमुळे उठली नाही. चळवळ उठली होती म्हणून बाँब पडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शाळकरी मुले ह्याच चर्चमधून रस्त्यावर निघाली होती, त्यांच्यावर पाण्याचे बंब आणि पोलिसी कुत्रे सोडण्यात आले होते. ते चर्च नुसते प्रार्थनास्थळ नव्हते, लढ्याचे ठाणे होते. ज्यांनी ते उडविले त्यांना हे पक्के ठाऊक होते. स्मरण करणाऱ्यांना मात्र निष्पाप बळी अधिक सोयीचे वाटतात; लढणारी मुले तितकी सोयीची नसतात.

त्याच दिवशी त्याच शहरात आणखी दोन काळी मुले मेली. तेरा वर्षांचा व्हर्जिल वेअर गोऱ्या पोरांच्या गोळीने आणि सोळा वर्षांचा जॉनी रॉबिन्सन पोलिसाच्या गोळीने. प्रस्तावनेत ह्या दोघांचीही नावे येतात. पदकावर त्यांचा हक्क येत नाही. ते रस्त्यावर मेले. देवळात मेलेल्याचे पावित्र्य रस्त्यावर मेलेल्याला नाही, आणि मारणारी गोळी सरकारी असेल तर आणखीच नाही. आणि ॲडी मे हिची बहीण सारा, जी त्या वेळी बारा वर्षांची होती, ती त्याच खोलीत होती. ती जगली. तिचा एक डोळा गेला. ती पुढे भरपाई मागत राहिली. पदकाच्या वेळीही तिचे म्हणणे भरपाईचेच होते. अलाबामाच्या गव्हर्नरांनी तिची माफी मागितली २०२० मध्ये, म्हणजे सत्तावन्न वर्षांनी. मेलेली मुलगी काही मागत नाही, म्हणून तिला पदक एकमताने देता येते. जगलेली बाई मागते, आणि तेथे कायदेमंडळाचे हात अडखळतात.

डडली रँडल ह्या काळ्या कवीने ह्या स्फोटावर एक लहानसे कथागीत लिहिले आहे. त्यात मुलगी मोर्चाला जाऊ देण्याची परवानगी मागते. आई नको म्हणते आणि तिला चर्चमध्ये पाठवते, तेथे ती सुखरूप राहील म्हणून. ह्या एका रचनेत जे आहे ते कायद्याच्या कलमांत नाही: देऊळ आणि रस्ता ह्यांत काळ्या मुलीला सुरक्षित जागा कोणतीच नव्हती, ही गोष्ट.

आपल्याकडे ह्या दोन जागा एका शब्दात जोडल्या गेल्या आहेत. विधिमंडळाला आपले पुढारी 'लोकशाहीचे मंदिर' म्हणतात. भाषणात हा शब्द आला की बाके वाजतात. ज्याच्या आजाला काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून पाच वर्षे उभे राहावे लागले त्याच्या कानाला हा शब्द कसा लागतो, ह्याचा विचार बाके वाजविणाऱ्याने केलेला नसतो. मंदिर म्हटले की गाभारा आला, पुजारी आला, पायरी आली, आणि कोणी कोणत्या पायरीपर्यंत यायचे हे ठरविणारा आला. बाबासाहेबांनीही हा दाखला एकदा वापरला आहे. १९५५ मध्ये राज्यसभेत संविधानाविषयी बोलताना ते अशा आशयाचे म्हणाले की देव येऊन राहावा म्हणून आम्ही देऊळ बांधले. देवाची स्थापना होण्यापूर्वीच सैतानाने त्याचा ताबा घेतला तर देऊळ पाडण्यावाचून दुसरे काय करणार? त्यांच्या तोंडी मंदिर हा शब्द पूजेसाठी आला नाही, ताबा कोणाचा ह्या प्रश्नासाठी आला.

आणि देवळाचा नुसता संशयदेखील आपल्याला किती महाग पडला आहे! रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. देवळाचे त्यात नाव नव्हते. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याली, ती ठरावातला हक्क बजावण्यासाठी. आणि मग गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तेवढ्यावर लाठ्या निघाल्या, जेवणाची भांडी उपडी झाली, परतीच्या वाटेवरची एकटीदुकटी माणसे झोडपली गेली. ठराव कायदेमंडळात होता आणि काठी महाडच्या गल्लीत. दोघांची गाठ पडली नाही. कायदेमंडळाचा शब्द आणि देवळाचे दार ह्यांच्यामध्ये आपला माणूस सापडतो, ही त्या दिवसापासूनची गोष्ट.

ह्या दारातच २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी मेले. हे मंदिर दगडाचे नव्हते, लोकशाहीचे होते. विदर्भातल्या वाचकाला गोवारी कोण हे सांगावे लागत नाही. गावाची गुरे राखणारा, दिवाळीच्या पाडव्याला ढाल घेऊन गाई खेळविणारा, वर्षभर दुसऱ्याच्या जनावरामागे फिरणारा हा समाज. त्यांची मागणी एका नोंदीची होती. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असे नाव आहे. ते आमचेच आहे, असे त्यांचे म्हणणे. २४ एप्रिल १९८५ च्या शासननिर्णयाने ती वाट बंद केली होती. तो निर्णय मागे घ्या, हे सांगण्यासाठी हजारो गोवारी नागपूरला अधिवेशनावर आले. बायका होत्या, कडेवर मुले होती. दिवसभर ती माणसे रस्त्यावर बसून राहिली. त्यांचे म्हणणे ऐकायला कोणी मंत्री बाहेर आला नाही. संध्याकाळी लाल दिव्याची गाडी दिसली. आपल्याला भेटायला कोणी तरी आले असे वाटून लोक उठले. मग लाठ्या, मग पळापळ. एकशे चौदा माणसे मेली, बहुतांश बायका आणि मुले.

मंत्री आला असे वाटून माणसे मेली, ह्या गोष्टीवर माझे मन वारंवार अडते. गाभाऱ्यातला पडदा सरकला असे वाटून रांग पुढे सरकते, तशी ती सरकली. दर्शनाची आस तीच. फक्त येथे नवस नव्हता, निवेदन होते.

आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग बसला. त्याने कोणा एकाला जबाबदार धरले नाही. १९९५ मध्ये सरकार बदलले आणि गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घालण्यात आले. ते जे मागत होते ते हे नव्हते. नागपुरात झिरो माइलजवळ स्मारक उभे राहिले. दर २३ नोव्हेंबरला तेथे फुले वाहिली जातात आणि ज्या पक्षांनी आलटून पालटून सत्ता भोगली त्यांचे पुढारी तेथे येतात. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला नाव मिळाले: आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल.

हे नाव आपण एक मजकूर म्हणून वाचू या. तीन शब्दांत त्याने तीन गोष्टी केल्या आहेत. 'गोवारी' हे त्यांचे स्वतःचे नाव, त्याविषयी कोणाचा वाद नाही. 'शहीद' हा शब्द मरणाला लढ्याचा मान देतो. 'मृत्युमुखी पडले' ह्यापेक्षा तो निश्चितच सरळ आहे, आणि तो लोकांनीच लावून धरला म्हणून तेथे आला. पण पहिला शब्द? 'आदिवासी'. ज्या एका शब्दासाठी एकशे चौदा माणसे मेली तोच शब्द पुलाच्या पाटीवर आहे. मेलेल्यांना तो मिळाला. जिवंतांना?

१४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला की मूळ 'गोंड गोवारी' नावाची वेगळी जमात पूर्वीच नामशेष झालेली आहे, तेव्हा त्या नोंदीचा लाभ गोवारींना मिळाला पाहिजे. गावागावांत पेढे वाटले गेले. ह्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे गेले त्यांत महाराष्ट्र राज्य स्वतः होते. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. दोन निकालांच्या मधल्या काळात ज्यांना प्रवेश वा नोकरी मिळाली त्यांचे तेवढे राखले. म्हणजे ज्या राज्यातल्या पुलाने गोवारीला आदिवासी म्हटले, त्याच राज्याच्या वकिलाने दिल्लीत उभे राहून तो आदिवासी नव्हे असे सांगितले. पुलाची पाटी आणि न्यायालयातले प्रतिज्ञापत्र ही एकाच सरकारची दोन लेखने आहेत. समीक्षक म्हणून मला ह्यांतले दुसरे अधिक प्रामाणिक वाटते. त्यात निदान जे मनात आहे ते लिहिले आहे.

येथे एक गोष्ट दडवून ठेवणे बरे नव्हे. गोवारींच्या समावेशाला आदिवासी संघटनांचाही विरोध होता आणि त्या विरोधाला कारण आहे. यादी वाढते आणि ताटातली भाकरी तेवढीच राहते. मेळघाटातल्या कोरकूला किंवा आमच्याच जिल्ह्यातल्या कोलामाला त्याच भाकरीची वाट पाहावी लागते. ह्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. यादीत कोण बसते हा प्रश्न पुराव्याचा आणि कायद्याचा आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी खरे बोलता येते. पण पाटीवर 'आदिवासी' लिहिणाऱ्याला ही सवलत नाही. गोवारी आदिवासी नाहीत असे राज्याचे मत असेल तर पाटी खोटी आहे. पाटी खरी असेल तर प्रतिज्ञापत्र खोटे आहे.

एकमताने काही संमत झाले की आपल्याला फार लवकर आनंद होतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमताने केला होता. त्या एकमतानंतर मराठवाड्यात आपली घरे जळली, पोचीराम कांबळे मारला गेला, आणि नाव पूर्ण बदलून नव्हे तर जोडून मिळाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच १९९४ च्या नोव्हेंबरात गोवारी मेले. जानेवारीत विद्यापीठाच्या कमानीवर आनंदाने नाचलेले आपण नोव्हेंबरात कोठे होतो, हे आपल्या नियतकालिकांचे त्या वर्षांचे अंक काढून कोणी तरी पाहावयास हवे. हे काम एखाद्या तरुण अभ्यासकाने हाती घेतले तर पुष्कळ काही हाती लागेल.

राहता राहिला प्रश्न सभागृहाने बोलावे कसे हा. मी नवी स्मारके मागत नाही. पुतळ्यांची आणि कमानींची आपल्याला टंचाई नाही. हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, जेथे माजी सदस्यांची चरित्रे वाचली जातात तेथेच, एकशे चौदा नावे वाचली जावीत. नाव, वय, गाव. इतकेच. 'दुर्दैवी' नको, 'चेंगराचेंगरी' नको, 'भावपूर्ण' नको. एका नावाला पाच सेकंद धरले तर साडेनऊ मिनिटे लागतात. मांढरगडावरच्या तीनशेंना पंचवीस मिनिटे लागतील. ती नावे इतिवृत्तात छापली जातील, आणि त्या इतिवृत्तात पुढे कधी राज्याचे प्रतिज्ञापत्र शोधायला गेलेल्या माणसाला त्याच पानांत चंद्रपूरच्या, भंडाऱ्याच्या, यवतमाळच्या गावांची नावे भेटतील. कामकाज सल्लागार समितीपुढे ही सूचना ठेवण्यास एकच आमदार पुरतो. पुसदचा असला तरी चालेल.